उन्हाळ्यात केनियाला निघालात? आधी सिकलसेलची तपासणी करा

आपल्या वस्त्यांमधील मुलेमुली आता सुट्टीत परदेशी जाऊ लागली आहेत. समाजकार्य, नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य असे विषय शिकणारी ही मुले सहा-आठ आठवड्यांच्या एखाद्या उन्हाळी अभ्यासक्रमाला नाव घालतात आणि त्याच भागातील शाळेत किंवा दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून काम करतात. त्यांचे आईवडील आमच्याकडे चौकशी करतात तेव्हा पहिला प्रश्न पासपोर्टचा असतो, दुसरा पैशाचा, तिसरा तिथे जेवायला काय मिळेल हा. तब्येतीचा विषय निघतो तो तिकीट हातात पडल्यावर. तोपर्यंत बऱ्याच गोष्टींना उशीर झालेला असतो.

या वेळी आम्ही केनियाचे, त्यातही पश्चिम केनियातील किसुमू शहर आणि त्याच्या आसपासच्या भागाचे उदाहरण घेत आहोत. तिथे इंग्रजीवर काम भागते आणि आरोग्य व शिक्षण या दोन्ही क्षेत्रांत स्वयंसेवकांना वाव आहे. पण आम्ही हा भाग निवडला त्याचे खरे कारण वेगळे आहे. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वसलेले आहे, आणि त्या सरोवराचा काठ व आपला विदर्भ यांच्यात रक्ताचे एक साम्य आहे. ते साम्य म्हणजे सिकलसेल.

१९४९ साली अँथनी अ‍ॅलिसन नावाचा, केनियातच लहानाचा मोठा झालेला तरुण वैद्यकीय विद्यार्थी तिथल्या वेगवेगळ्या जमातींच्या लोकांचे रक्त तपासत होता. त्याच्या लक्षात आले की समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी सिकलसेलचे वाहक भरपूर आहेत, उंच डोंगराळ भागात मात्र फार थोडे. सरोवराकाठी आणि किनाऱ्याला डास जास्त, हिवताप म्हणजे मलेरिया जास्त. यावरून पुढे १९५४ साली त्याने मांडले की सिकलसेलचा एकच जनुक असलेल्या माणसाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, म्हणून अशा भागांत हा जनुक पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. पुढच्या संशोधनाने हे पक्के केले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५८ साली, नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद प्रसिद्ध केली. आज आपल्याला ठाऊक आहे की विदर्भात आदिवासी समाजांबरोबरच आपल्या बौद्ध समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणावर आढळतो. हा कोणाचा दोष नाही, पूर्वजन्मीचे पाप तर नाहीच नाही. डासांच्या प्रदेशात जगलेल्या माणसांच्या रक्तात राहिलेली ती खूण आहे.

म्हणून नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या बाजूचे मूल किसुमूला निघाले असेल तर त्याची पहिली तयारी बॅग घेण्याची नसून रक्त तपासण्याची आहे. सरकारी दवाखान्यात आधी विद्राव्यतेची साधी चाचणी होते. तिच्यात सिकलसेल असल्याचे दिसले तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की चाचणी करतात. पहिली चाचणी फक्त ‘आहे’ एवढेच सांगते. वाहक की रुग्ण, हे दुसरी सांगते. पहिल्या चाचणीचा कागद घेऊन घरी बसू नये. अहवालात ए.ए. असेल तर सिकलसेल नाही. ए.एस. म्हणजे वाहक. एस.एस. म्हणजे रुग्ण. या तीन जोड्या घरातील प्रत्येकाला समजल्या पाहिजेत, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

ए.एस. असलेल्या मुलामुलींनी घाबरण्याचे काहीच कारण नाही. ते इतरांसारखेच निरोगी असतात, विमानाने जाऊ शकतात, काम करू शकतात. त्यांनी दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या आहेत. एक, अतिश्रम आणि पाण्याची कमतरता एकत्र येऊ द्यायची नाही. असे झाले तर वाहकाच्याही स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. दुसरी गोष्ट उंचीची. केनियात सुट्टीच्या दिवशी माउंट केनिया चढायला जाण्याची टूम निघते. त्याचे लेनाना नावाचे टोक ४,९८५ मीटर उंच आहे आणि गिर्यारोहणाचा अनुभव नसलेलेही तिथपर्यंत जातात. इतक्या उंचीवर प्राणवायू कमी पडतो, वाहकाच्या काही रक्तपेशी तिथे वाकड्या होऊ शकतात आणि प्लीहेचा, म्हणजे पाणथरीचा, रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगड्यांखाली अचानक जोराची कळ आली तर ती ‘चालण्याने आलेली चमक’ समजू नये. ताबडतोब खाली उतरून डॉक्टर गाठावा. आमचे मत विचाराल तर वाहकांनी हा डोंगर खालूनच पाहावा. किसुमू स्वतः सुमारे ११०० मीटरवर आहे, नैरोबी १८०० च्या आसपास. या दोन्ही ठिकाणी वाहकांना उंचीचा त्रास व्हायचे कारण नाही.

आता एक गैरसमज. अ‍ॅलिसनची गोष्ट ऐकली की काहीजण म्हणतात, “मी वाहक आहे, मला मलेरिया होणार नाही.” हे चूक आहे. वाहकाला मलेरियाचा संसर्ग होतोच. मिळते ते गंभीर आजारापासूनचे अर्धवट संरक्षण, आणि तेही भरवशाचे नाही. म्हणून गोळ्या वाहकांनाही घ्यायच्या आहेत. एस.एस. रुग्णाला तर हे संरक्षण नसतेच, उलट मलेरिया त्याच्या जिवावर बेततो.

मग एस.एस. असलेल्यांनी जाऊच नये का? असे आम्ही म्हणणार नाही. औषध नियमित चालू आहे, गेले वर्षभर मोठे दुखणे उद्भवलेले नाही आणि उपचार करणारे डॉक्टर हो म्हणतात, तर जाता येईल. मात्र गाव निवडताना मोठ्या दवाखान्याचे अंतर बघावे. किसुमू शहरात जारामोगी ओगिंगा ओडिंगा हे मोठे सरकारी संदर्भ रुग्णालय आहे. तिथल्या भागात सिकलसेल नवा नाही, त्यामुळे डॉक्टरांना तो समजावून सांगावा लागत नाही. अशा रुग्णालयापासून चार-पाच तास दूर असलेल्या खेड्यातले काम एस.एस. रुग्णाने घेऊ नये. न्यूमोकोकल आणि मेनिंगोकोकल या लसी पूर्ण झालेल्या असाव्यात, कारण सिकलसेलच्या रुग्णाची पाणथरी नीट काम करत नाही आणि साधा वाटणारा जंतुसंसर्गही झपाट्याने वाढतो. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या सगळ्या मुक्कामाला पुरून दोन आठवड्यांच्या वर उरतील इतक्या न्याव्यात, आणि त्या हातातल्या बॅगेत ठेवाव्यात. सामानाची बॅग हरवते, हे गृहीत धरून चालावे. विमानातही हवा जमिनीपेक्षा विरळ असते. मुंबई ते नैरोबी थेट उड्डाण सहा तासांच्या आसपासचे. तेवढ्या वेळात वारंवार पाणी पिणे, तासातासाला उठून चार पावले चालणे आणि अंगावर उबदार काही घेणे एवढे करावे. प्राणवायूची गरज पडेल असे डॉक्टरांना वाटले तर ते विमान कंपनीला आधी कळवावे लागते.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि तो वैद्यकीय कमी, सामाजिक जास्त आहे. संस्थेच्या अर्जात आरोग्याचा एक कागद असतो. त्यात विचारलेले असते: काही जुना आजार आहे का, नेहमीची औषधे चालू आहेत का. आपल्याकडे अनेक घरांत तिथे सरळ ‘नाही’ लिहितात. निवड रद्द होईल ही भीती असतेच. त्याहून मोठी भीती असते ती गोष्ट बाहेर फुटण्याची. “पोरीचे लग्न व्हायचे आहे,” हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल! पण हा लपवलेला कागद परदेशात अंगावर उलटतो. मध्यरात्री सांधे आणि छाती दुखून मूल तळमळत असेल, तर सोबतच्या संयोजकाला हे काय आहे ते कळले पाहिजे. दुसरे म्हणजे विमा. परदेश प्रवासाचा विमा घेताना आजार लपवला आणि पुढे त्याच आजारासाठी भरती व्हावे लागले, तर विमा कंपनी पैसे नाकारते आणि तो नकार कायद्याने टिकतो. म्हणून आधीपासून असलेला आजार पॉलिसीत धरला आहे का, हे पॉलिसी वाचून, शंका राहिल्यास लेखी विचारून घ्यावे. रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च धरला आहे का, हेही पाहावे. नैरोबीत १९५७ पासून फ्लाइंग डॉक्टर्स ही विमान रुग्णसेवा आहे, पण अशी सेवा फुकट नसते. आणि लग्नाचे म्हणाल, तर दोन वाहकांचे लग्न झाल्यास प्रत्येक गरोदरपणात मूल एस.एस. होण्याची शक्यता चारात एक असते. ते टाळायचे तर दोन्ही घरांनी अहवाल उघडपणे समोर ठेवायला हवेत. लपवून प्रश्न फक्त पुढच्या पिढीकडे जातो.

लसींकडे येऊ. जाण्याआधी किमान आठ आठवडे हे काम सुरू करावे. पिवळ्या तापाची, म्हणजे यलो फीवरची, लस कोणत्याही दवाखान्यात जाऊन मिळत नाही. ती सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेचे असे केंद्र आहे. वार ठरलेले असतात, गर्दी असते, मूळ पासपोर्ट लागतो. भारतातून थेट जाणाऱ्याकडे केनिया हे प्रमाणपत्र मागत नाही, म्हणून बरेचजण समजतात की लस लागत नाही. पण आपला देश केनियाहून परत येणाऱ्याकडे ते मागतो. नसेल तर मुंबई विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जावे लागू शकते. लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून प्रमाणपत्र ग्राह्य होते, आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. पिवळे कार्ड पासपोर्टमध्ये टाचणीने न लावता वेगळ्या पाकिटात ठेवावे, आणि त्यावरचे नाव, स्पेलिंगसकट, पासपोर्टशी जुळते का ते केंद्रावरच बघावे. ही जिवंत विषाणूची लस आहे. गरोदर स्त्री, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आधी डॉक्टरांना सांगावे. हायड्रॉक्सियुरिया घेणाऱ्यांनीही स्वतः निर्णय न घेता आपल्या सिकलसेल डॉक्टरांची चिठ्ठी न्यावी.

धनुर्वाताचा डोस होऊन दहा वर्षे झाली असतील तर तो घ्यावा, विषमज्वराची लस घ्यावी. दवाखान्यात काम करणाऱ्यांनी कावीळ ब च्या तीनही मात्रा पूर्ण कराव्यात. त्या सहा महिन्यांत पसरलेल्या असतात, त्यामुळे हे तिकिटाच्या कितीतरी आधीचे काम आहे. खेड्यात राहायचे असेल तर रेबीजची आगाऊ लस घेण्याचा आम्ही आग्रह धरू. आधी लस झालेली असली म्हणजे कुत्रा चावल्यावर पुन्हा डोस घ्यावेच लागतात, पण इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, आणि खेड्यात नेमके तेच मिळत नाही. चावा कसलाही असो, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची.

मलेरियाचे गणित कॅलेंडरशी जोडलेले आहे. आपली उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे त्यांचा पावसाळा. केनियातील मोठा पाऊस साधारण मार्च ते मे पडतो आणि त्यामागोमाग सरोवराकाठी मलेरिया वाढतो. म्हणजे नागपूरचे ऊन सोडून आपले मूल बरोबर डासांच्या हंगामात उतरते. तिथला मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे डोक्यात जाऊन जीव घेऊ शकणारा असतो, आणि आपल्या घरातली जुनी ओळखीची क्लोरोक्विन त्याच्यावर चालत नाही. डॉक्टर तीनपैकी एक औषध देतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, जाण्याआधी एक-दोन दिवसांपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत. डॉक्सिसायक्लिनही रोज, पण परतल्यावर चार आठवडे. ती रिकाम्या पोटी घेऊन लगेच आडवे व्हायचे नाही, आणि तिने ऊन बाधते. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण निघण्याआधी दोन-तीन आठवडे सुरू करावी लागते. ज्यांना फिट्स येतात किंवा ज्यांना नैराश्य, चिंतेचा आजार झालेला आहे त्यांना ती देत नाहीत. म्हणून तेही डॉक्टरांपासून लपवू नये. हवे ते औषध प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही, चिठ्ठी आधी घ्यावी. त्याच रक्तात जी६पीडीची चाचणीही सांगावी. हे विकर कमी असलेल्यांना प्राइमाक्विनसारख्या गोळ्यांनी रक्त फुटण्याचा धोका असतो, आणि ती कमतरता आपल्याकडेही आढळते.

गोळी घेतली म्हणजे मच्छरदाणी सोडायची असे नाही. मलेरियाचा डास रात्री चावतो. औषध लावलेली मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपणे, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या अंगाला डासरोधक मलम.

सरोवर दिसायला सुंदर आहे आणि संध्याकाळी पोरे त्यात डुंबताना दिसतात. आपण उतरू नये. काठाच्या पाण्यातील गोगलगायींतून बिल्हार्झियाचे जंतू बाहेर पडतात आणि न फुटलेल्या कातडीतूनही शरीरात शिरतात. पाय बुडवून बसणेही नको.

खाण्याची चिंता मात्र आईवडिलांनी सोडून द्यावी. मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली, सुकुमा नावाची पालेभाजी, घेवड्याची उसळ, मूग (त्याला तिथे ‘डेंगू’ म्हणतात, नाव ऐकून दचकू नये), सरोवरातला मासा. आणि चपाती व चहा तर नावासकट आपलेच आहेत. हिंदी मजुरांनी बांधलेली रेल्वे १९०१ साली किसुमूला पोहोचली, तेव्हापासूनचा हा शेजार. अडचण येते ती पाण्याची. कोणी घरी बोलावले, पेल्यात पाणी दिले, आणि आपण ते बाजूला सारले, तर त्याचा अर्थ काय होतो हे चवदार तळ्याचा इतिहास असलेल्या आपल्याला कोणी सांगायला नको. पण न उकळलेले पाणी पिऊन जुलाब लागून पडणेही परवडणारे नाही. यावर तोडगा म्हणजे चहा मागणे. तिथला चहा दुधासकट खळखळ उकळलेला असतो, आणि मागितलेला चहा देताना यजमान खूश होतो. दुसरा तोडगा, पहिल्याच दिवशी सांगून ठेवणे की डॉक्टरांनी काही आठवडे उकळलेलेच पाणी प्यायला सांगितले आहे. जलसंजीवनीची दहा-बारा पाकिटे जवळ असावीत. सिकलसेलवाल्यांनी जुलाब सुरू होताच ती घ्यायला लागावे, संध्याकाळची वाट पाहू नये.

औषधे प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नेऊ नयेत. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगला बंदी आहे. कापडी पिशवी किंवा डबा घ्यावा, गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात आणि औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी सोबत असावी.

दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून गेलेल्या विद्यार्थ्याला तिथे कधी कधी इंजेक्शन द्यायला, टाके घालायला सांगतात. भारतात जे करण्याची परवानगी आपल्याला नाही ते तिथल्या गरीब माणसावर करून शिकायचे नाही. नकार द्यावा. गरिबांच्या अंगावर शिकाऊ हात चालवले जाणे म्हणजे काय, हे सरकारी दवाखान्यांच्या रांगेत आपल्या आईवडिलांनी भोगलेले आहे. यात स्वतःचाही बचाव आहे: पश्चिम केनियात एचआयव्हीचे प्रमाण जास्त आहे, आणि सुई टोचल्यास प्रतिबंधक औषध जितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत, सुरू करावे लागते. ते कुठे मिळेल हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवावे.

मनाचेही थोडे. पहिला आठवडा उत्साहात जातो, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घर आठवते, झोप उडते. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. फोनची एक वेळ ठरवावी, पण दिवसातून चारदा करू नये, त्याने मूल तिथे रुजत नाही. तिथल्या जुन्या भारतीय कुटुंबांत आपुलकी मिळते. क्वचित आडनावावरून चौकशीही होते, आणि इतक्या दूर ती अधिक बोचते. तेव्हा ते मनात कोंडून न ठेवता ज्याला कळेल अशा माणसाशी बोलावे. रोज वीस मिनिटे आनापान करणाऱ्यांनी ते तिथे चालू ठेवावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खचलेले राहिले, तर संयोजकाला सांगून डॉक्टर गाठावा.

ताप येईल तेव्हाचा नियम सगळ्यांना एकच: त्याच दिवशी रक्त तपासायचे. एस.एस. रुग्णाचा ताप १०१ अंशांवर गेला तर काही तासही थांबायचे नाही. परतल्यानंतरही हा नियम संपत नाही. फाल्सिपेरम मलेरिया परतल्यावर काही आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनीही उठतो. तो काळ म्हणजे आपला पावसाळा. इथला डॉक्टर डेंगी किंवा टायफॉइड धरून चालेल, कारण रुग्ण केनियाला गेला होता हे त्याला कोणी सांगितलेले नसते. म्हणून दवाखान्यात शिरताच पहिले वाक्य तेच असावे. आणि पाण्यात उतरणे झालेच असेल तर परतल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी बिल्हार्झियाची तपासणी करून घ्यावी. प्राझिक्वान्टेल या गोळ्यांनी तो बरा होतो.